जड वाहनाचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रक, टिपर, टँकर किंवा मोठी बस शिकणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणी कार चालवून आलेला असतो, तर कोणी क्लीनर म्हणून चार पावसाळे काढून स्टिअरिंगवर बसलेला. दोघांच्या अडचणी वेगळ्या. कारवाल्याला घाई नडते, क्लीनरकीतून आलेल्याला उस्तादाकडून उचललेल्या सवयी नडतात. उत्तरं देताना पाच, सहा आणि नऊ गिअरचे, हाताने टाकायचे गिअरबॉक्स डोळ्यांसमोर आहेत. टाटा, अशोक लेलँड, आयशर, भारतबेंझच्या ज्या गाड्या आपल्याकडे रस्त्यावर दिसतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत हाच प्रकार असतो.

सिंक्रोमेश म्हणजे काय? गिअर टाकताना आत नेमकं काय होतं?

गिअर टाकतो म्हणजे दोन मोठी दातेरी चाकं एकमेकांत घुसवतो, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. पुढचे गिअर आपापल्या जोडीदाराशी कायम गुंतलेलेच असतात आणि मेन शाफ्टवर मोकळे फिरत असतात. लिव्हर हलवली की आतला फोर्क एक स्लीव्ह सरकवतो आणि ती स्लीव्ह त्यांतल्या एका गिअरला शाफ्टशी जखडून टाकते. त्यासाठी गिअरच्या कडेला बारीक दाते असतात. ‘कर्रर्र’ ऐकू येतं ते या बारीक दात्यांचं.

शाफ्ट चाकांच्या वेगाने फिरत असतो आणि हवा असलेला गिअर वेगळ्याच वेगाने. या दोघांच्या मध्ये सिंक्रो रिंग बसते. ती शंकूच्या आकाराची असते, पितळेची किंवा घर्षणाचा थर दिलेली. स्लीव्ह सरकू लागली की ही रिंग आधी गिअरच्या शंकूवर दाबली जाते. घर्षणाने गिअरचा वेग शाफ्टच्या वेगाला येऊन मिळेपर्यंत रिंगचे दाते स्लीव्हला अडवून धरतात. वेग जुळला की वाट मोकळी होते. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी तिच्याबरोबर चार पावलं धावतो, तसंच हे.

तळहाताला हे सगळं कळतं. लिव्हर आधी थोडी अडते, मग आपसूक आत ओढल्यासारखी जाते. ते अडणं म्हणजे रिंग काम करतेय याची खूण आहे. नवा माणूस नेमका तिथेच जोर लावतो, आणि रिंगची झीज तिथूनच सुरू होते.

ही रचना अमेरिकेतल्या अर्ल थॉम्प्सन यांची. १९२८ साली ती कॅडिलॅकच्या गाड्यांत पहिल्यांदा आली. जड वाहनांत ती रुळायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली, म्हणून जुन्या पिढीच्या चालकांच्या पायात अजून डबल क्लच आहे.

मग आता डबल क्लच शिकायची गरज उरली आहे का?

रोजच्या चालवण्यात नाही. तरी शिकून घ्याच.

डबल क्लच म्हणजे एका गिअरच्या बदलात क्लच दोनदा दाबणं. गिअर उतरवताना क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटरला एक हलका झटका देऊन इंजिन वर आणायचं, पुन्हा क्लच दाबायचा आणि खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इंजिनचा वेग गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टला मिळतो, त्यामुळे सिंक्रो रिंगला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. गिअर चढवताना मधला झटका नको, फक्त न्यूट्रलला क्षणभर थांबायचं.

याचा उपयोग कधी होतो? सिंक्रो झिजलेली गाडी हाती आली तर. पहाटेच्या थंडीत गिअर ऑइल घट्ट असेल तर. घाटात एकदम दोन गिअर खाली यायचं असेल तर. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की, डबल क्लच येणाऱ्याला गाडीचा वेग आणि इंजिनचा वेग यांचं नातं कानाने समजतं. असा चालक सिंक्रोची गाडीही जास्त हळुवार हाताळतो.

कार चालवण्याची सवय आहे. ट्रकमध्ये हात कुठे बदलावा लागेल?

तीन ठिकाणी. पहिलं, वेळ. ट्रकच्या गिअरबॉक्समधले गिअर आणि शाफ्ट कारच्या कितीतरी पट जड असतात. त्यांचा वेग कमी-जास्त करायला रिंगला जास्त वेळ लागतो. न्यूट्रलपाशी क्षणभर थांबून मग पुढे जा.

दुसरं, आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे. पेट्रोल कारचं इंजिन पाच-सहा हजारांपर्यंत जातं. ट्रकच्या डिझेल इंजिनचं खरं काम साधारण १,००० ते २,००० च्या दरम्यान चालतं, आणि ओढण्याची ताकद सगळ्यात जास्त १,२०० ते १,६०० च्या आसपास मिळते. मीटरवर हिरवा पट्टा असतो तो याच भागाचा. इतक्या अरुंद जागेत राहायचं म्हणून गिअर जास्त असतात आणि हात सतत चालू ठेवावा लागतो.

तिसरं, लांब लिव्हर. तिचा हेलकावा मोठा असतो. नव्या गाडीवर बसल्यावर इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, मुठीवरची आकृती पाहत सगळे गिअर हाताने शोधून घ्या. रिव्हर्स कुठे आहे आणि त्याला उचलावं लागतं की दाबावं लागतं, ते आधी बघा. प्रत्येक कंपनीची जागा वेगळी.

गाडी कोणत्या गिअरला उचलायची?

भरलेली गाडी पहिल्याला. रिकामी असेल आणि रस्ता सपाट असेल तर दुसऱ्याला चालते. क्रॉलर, म्हणजे पहिल्याच्याही खालचा सगळ्यात हळू गिअर, असेल तर तो चढावर, चिखलात, खाणीत किंवा उसाच्या फडातून बाहेर पडताना वापरायचा. भरलेली गाडी दुसऱ्याला उचलून ‘उचलते की’ म्हणणारे खूप भेटतात. उचलते, पण क्लच प्लेट घासून उचलते.

गिअर चढवताना हात-पाय कसे चालले पाहिजेत?

खंडाळा गाव मागे टाकून गाडी खंबाटकी चढायच्या आधी सपाट रस्त्यावर वेग घेतेय असं धरू. तिसऱ्यात आहात, काटा १,७०० ला आलाय. अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि क्लच एकाच दमात पूर्ण खाली नेला. लिव्हर तळहाताने न्यूट्रलला आणली. इथे इंजिनचा आवाज खाली येताना ऐकू येतो. तो उतरत असताना लिव्हर चौथ्याच्या तोंडाशी नेऊन एकसारखा हलका दाब ठेवला. ती क्षणभर अडली, मग गेली. क्लच सोडला, तेव्हा काटा १,२०० च्या आसपास स्थिरावला आणि गाडीने हिसका दिला नाही.

हिसका बसला तर काय चुकलं ते काटा सांगतो. क्लच सोडताना आरपीएम जास्त असतील तर तुम्ही घाई केलीत. इंजिन गुदमरल्यासारखं धडधडलं तर जास्त थांबलात किंवा गिअर लवकर चढवलात. सहा गिअरच्या गाडीत एका गिअरमधून शेजारच्यात जाताना आरपीएममध्ये साधारण दीडपट फरक पडतो. नऊ गिअरच्या गाडीत हा फरक थोडा कमी असतो. एवढं लक्षात राहिलं तरी कोणत्या वेगाला कोणता गिअर बसेल याचा अंदाज येऊ लागतो.

लिव्हर मुठीत आवळून धरू नका. तिला पुढे न्यायचं तर तळहाताने ढकला, मागे आणायचं तर बोटांनी ओढा.

रिकाम्या गाडीला सपाटीवर दुसऱ्यातून चौथा, चौथ्यातून सहावा असं सोडून टाकलं तरी हरकत नाही. भरलेल्या गाडीला चढावर हे करू नका, दोन गिअरमधल्या वेळात वेग गळून पडतो.

गिअर उतरवताना लिव्हर जास्त का अडते?

खालच्या गिअरसाठी आतले भाग जास्त वेगाने फिरवावे लागतात, म्हणजे रिंगला जड शाफ्ट पळवायचा असतो. गिअरबॉक्समधल्या ऑइलचा विरोधही तिच्या विरुद्ध बाजूने लागतो. म्हणून आधी ब्रेकने वेग त्या गिअरला साजेसा करा, मग गिअर उतरवा. क्लच सोडण्याआधी अ‍ॅक्सिलरेटरला हलका स्पर्श दिलात तर मागच्या चाकांना हिसका बसत नाही. पावसात निसरड्या डांबरावर हा हिसका गाडीची शेपूट हलवू शकतो.

इथे एका मोठ्या नुकसानीबद्दल सांगतो. गाडी ६० च्या वेगात असताना चुकून दुसरा गिअर टाकला, तर सिंक्रो बिचारी जीव तोडून वेग जुळवण्याचा प्रयत्न करते. क्लच दाबलेला असला तरी क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते, त्यामुळे ती इंजिनच्या कमाल वेगाच्या कितीतरी पुढे फिरवली जाते. अशा वेळी प्लेट फुटते. ‘मी तर क्लच सोडलाच नव्हता’ असं चालक सांगतो आणि ते खरं असतं. लिव्हर नेहमीपेक्षा खूप जास्त अडत असेल तर जोर लावू नका, गिअर चुकीचा निवडलाय का ते आधी तपासा.

पहिला आणि रिव्हर्स टाकताना करकर का होते? बाकीचे तर छान पडतात.

बऱ्याच जड गाड्यांत रिव्हर्सला आणि क्रॉलरला सिंक्रो नसतो, काहींत पहिल्यालाही नसतो. गाडी पूर्ण उभी असल्याशिवाय हे गिअर टाकायचेच नाहीत.

गाडी उभी असूनही आवाज येतो, कारण न्यूट्रलमध्ये इंजिनने फिरवलेला आतला शाफ्ट क्लच दाबल्यावरही थोडा वेळ फिरत राहतो. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा. घाई असेल तर क्लच दाबलेला ठेवून आधी सिंक्रोचा एखादा गिअर, समजा तिसरा, टाका. त्याच्या रिंगने शाफ्ट थांबतो. मग क्लच न सोडता सरळ रिव्हर्समध्ये जा. अजिबात आवाज येत नाही. ही युक्ती एवढी सोपी असून कितीतरी जणांना कोणी सांगितलेलीच नसते.

नऊ गिअरच्या गाडीत लो आणि हाय कसं वापरायचं?

क्रॉलर सोडला तर एकाच जागी चार गिअर दोनदा वापरले जातात. लो मध्ये १ ते ४, हाय मध्ये ५ ते ८. मागच्या बाजूला बसवलेला वेगळा गिअरसंच हवेच्या दाबाने बदलतो. काही गाड्यांत मुठीवर बटण असतं, काहींत लिव्हर आडवी ढकलली की बदल आपोआप होतो.

बटण असेल तर चौथ्यात असतानाच ते वर करून ठेवा. प्रत्यक्ष बदल लिव्हर न्यूट्रलमधून जाताना होतो. तिथे हवेला काम करायला थोडा वेळ द्या आणि मग पाचवा टाका. आडव्या ढकलण्याची गाडी असेल तर सगळ्यात सावध राहायचं ते आठव्यातून सातव्यात येताना. हात चुकून डावीकडे, लो च्या बाजूला ओढला गेला तर वर सांगितलेला क्लच प्लेटचा प्रकार होऊ शकतो. लिव्हर सरळ रेषेत ओढा, तिरकी नको.

एअर टाकीत हवा कमी असेल तर लो-हाय नीट बदलत नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर दाब भरेपर्यंत थांबायला ब्रेकइतकंच हेही कारण आहे.

घाट चढताना गिअर कधी उतरवायचा?

काटा हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला पोहोचण्याआधी. साधारण १,२०० ला आला आणि अजून पडतोय असं दिसलं की लगेच. भरलेली गाडी चढावर क्लच दाबताच वेग गमावते, म्हणून इथे हात चपळ लागतो. बदल करून क्लच सोडाल तेव्हा वेग जितका उरला असेल त्याला साजेसा गिअर हवा. तीव्र चढावर त्यासाठी कधीकधी एक सोडून खालचा निवडावा लागतो. इंजिन ९०० वर येऊन थरथरेपर्यंत वाट पाहणाऱ्याला पुढे पहिल्याशिवाय पर्याय राहत नाही.

गिअर पडलाच नाही आणि गाडी थांबायला आली तर लिव्हरशी झटापट करत बसू नका. ब्रेक धरून गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, पहिला टाका आणि नव्याने उचला. क्लीनरने चाकामागे दगड लावला असेल तर गाडी निघाल्यावर तो रस्त्यातून उचलायला त्याला सांगा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला रात्री तो दगड दिसत नाही. गाडीत लाकडी ठोकळा ठेवून त्याला दोरी बांधून ठेवणं सगळ्यात उत्तम.

आणि उतरताना? ‘ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं’ हे बरोबर आहे ना?

हा नियम शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या गाड्यांच्या काळातला आहे. त्या गाड्या घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्यावर यायच्या, आणि उतरायलाही तोच गिअर लागायचा. आजची गाडी दोनशे-अडीचशे अश्वशक्तीची असते. ती तोच घाट पाचव्यात चढून जाईल, पण पाचव्यात उतरवलीत तर इंजिन तिला धरू शकणार नाही. म्हणून आजच्या गाडीला चढण्याच्या गिअरपेक्षा एक, कधी दोन गिअर खाली ठेवून उतरा. जुना नियम तसाच पाळणाऱ्यांना हे पटवायला वेळ लागतो, पण ते पटवलंच पाहिजे.

लासलगावचा कांदा भरून वाशीकडे निघालेली दहाचाकी गाडी घेऊ. इगतपुरी सोडलं, कसारा घाट लागणार. उताराच्या आधीच, सपाटीवर, चार गोष्टी उरकायच्या. हवेचा दाब पाहायचा, ब्रेक एकदा दाबून लागतात का बघायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर कोंडून गाडी रोखणारा) चालतो का बघायचं आणि गिअर उतरवून क्लच पूर्ण सोडायचा. सहा गिअरच्या गाडीत हा गिअर तिसरा असेल, फार तर चौथा.

उतार सुरू झाला. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, एक्झॉस्ट ब्रेक लावला. आता काट्याकडे बघा. ब्रेक न दाबता तो १,८०० ते २,००० च्या आसपास थांबून राहिला तर गिअर बरोबर निवडलाय. एक्झॉस्ट ब्रेक वरच्या आरपीएमला चांगली पकड देतो, त्यामुळे इंजिन मोठ्याने ओरडतंय म्हणून घाबरायचं कारण नाही. काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला तर ब्रेक एकदा ठामपणे दाबून वेग चांगला खाली आणा, मग सोडा. पाय हलका ठेवून ब्रेक सतत घासत ठेवला तर ड्रम तापतात, लाइनर पकड सोडतात. लाल पट्टा ओलांडू देऊ नका. उतारावर चाकंच इंजिनला फिरवत असतात, तेव्हा डिझेल कमी करून इंजिनचा वेग आवरणारा गव्हर्नर तुम्हाला वाचवू शकत नाही.

त्या गिअरमध्ये जमत नाही असं वाटलं तर क्रम पाळा. आधी ब्रेकने वेग खालच्या गिअरला साजेसा करायचा, मगच क्लच दाबायचा. उलट केलंत, म्हणजे वेगात असतानाच गिअर काढलात, तर खालचा गिअर पडत नाही आणि वरचाही परत सापडत नाही. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उताराला लागते. घाटातले कितीतरी अपघात याच एका चुकीतून होतात. तसं झालंच तर ड्रम गार आणि टाकीत हवा आहे तोवर एकदाच जोरात ब्रेक धरून गाडी जवळजवळ उभी करा. पाय वर-खाली करून हवा संपवू नका. गाडी रेंगाळली की खालचा गिअर आपोआप पडतो.

जळका वास आला तर जागा मिळताच बाजूला थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. त्याला आपल्या गतीने गार होऊ द्या.

उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचतं ना?

नाही. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनला डिझेल जवळजवळ पूर्ण बंद होतं, कारण तेव्हा चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की इंजिनला स्वतःला चालू ठेवण्यासाठी डिझेल जाळावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च जास्त आणि इंजिनची पकडही गेली.

इंजिनच बंद करणं तर त्याहून भयंकर. कॉम्प्रेसर थांबतो, हवा भरत नाही, स्टिअरिंग जड होतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार दिसायला साधा आहे, घाटासारखी वळणं नाहीत, म्हणून चालक गाफील राहतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका जड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्यांना ठोकरलं. उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. लिटरभर डिझेलसाठी दुसऱ्याच्या लेकराबाळांचा जीव टांगणीला लावायचा अधिकार कोणालाच नाही. मालक डिझेलचा हिशेब लावून न्यूट्रल करायला सांगत असेल तर वरची दोन वाक्यं त्याला वाचून दाखवा.

क्लचवर पाय आणि लिव्हरवर हात ठेवून चालवलं तर काय बिघडतं?

क्लचवर पाय विसावला की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेट किंचित घसरते. लिव्हरवर हात विसावला की त्याचं वजन आतल्या फोर्कवर येतं, फोर्क स्लीव्हवर घासत राहतो आणि झिजतो. पुढे एक दिवस गिअर आपणहून सुटायला लागतो. बदल झाला की हात स्टिअरिंगवर आणि पाय जमिनीवर.

सिग्नलला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहणंही असंच. न्यूट्रल करा, हँडब्रेक लावा, पायाला विश्रांती द्या.

चढावर भरलेली गाडी मागे न जाता कशी उचलायची?

हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला. क्लच हळूहळू वर घ्या. इंजिनचा आवाज खाली बसतो आणि केबिन किंचित पुढून उचलल्यासारखी वाटते, तिथे पाय थांबवा. थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या, हँडब्रेक सोडा, गाडी सरकली की क्लच पूर्ण सोडा. अ‍ॅक्सिलरेटर दाबून हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं ही वाईट खोड आहे. चढावरच्या वाहतूक कोंडीत असं केलं तर प्लेट जळायला फार वेळ लागत नाही.

गिअर खराब पडतोय. क्लचचं काम आहे की सिंक्रोचं, कसं ओळखायचं?

गॅरेजला जाण्याआधी एवढं स्वतः पाहा, म्हणजे विनाकारण गिअरबॉक्स उतरवला जाणार नाही.

सगळेच गिअर जड जात असतील, रिव्हर्स तर थांबूनही करकरत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. क्लचच्या लाइनमध्ये हवा, बूस्टरची गळती किंवा पेडलचं अ‍ॅडजस्टमेंट इथून सुरुवात करा. एकाच गिअरला आवाज येत असेल आणि डबल क्लच केल्यावर तोच गिअर गुपचूप पडत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग गेली. गिअर लोडवर असताना सुटत असेल तर फोर्क, लॉकची स्प्रिंग किंवा बारीक दाते झिजलेत.

आवाजाचंही तसंच. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग.

गिअर ऑइल कोणतंही चालतं का?

अजिबात नाही. सिंक्रो रिंग घर्षणावर चालते आणि तिच्यात पितळ असतं. डिफरेन्शियलसाठी (मागच्या अ‍ॅक्सलवरच्या गिअरसंचासाठी) बनवलेल्या काही ऑइलमधले घटक पितळ खातात किंवा रिंगला इतकं निसरडं करतात की ती पकडच घेत नाही. गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी जो ग्रेड दिलाय तोच घाला. काढलेल्या ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर ती रिंगेची पूड आहे. थोडी असणं साहजिक, पण दर वेळी वाढत असेल तर कोणत्या गिअरला आवाज येतो ते तपासा.

प्रवासी बस चालवताना वेगळं काही?

गिअर तोच, पण मागे माणसं उभी असतात. कंडक्टरची डबल बेल झाली की पहिला-दुसरा-तिसरा भराभर टाकायचा मोह होतो, आणि तेव्हाच आजीबाई अजून सीट शोधत असतात. पहिले दोन बदल निवांत करा. क्लच सोडताना शेवटचा टप्पा सावकाश सोडलात की उभ्या माणसाला गिअर बदललेला कळतही नाही. चांगल्या बसचालकाची ओळख मला तरी यातच दिसते.

परदेशात ट्रक चालवायला जायचंय. हाच हात तिथे चालेल का?

युरोपी गाड्यांवर चालेल, मात्र तिथे आता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या जास्त आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या हाताने गिअर टाकायच्या ट्रकमध्ये दहा, तेरा किंवा अठरा गिअरचे बिनसिंक्रोचे गिअरबॉक्स असतात. तिथे डबल क्लच रोजचा आहे. अमेरिकेत तुम्ही आपोआप गिअरच्या गाडीवर परीक्षा दिलीत तर व्यावसायिक परवान्यावर हाताने गिअर टाकायची गाडी चालवायला मनाई असा शेरा येतो.

जड वाहनाच्या परवान्यासाठी काय लागतं?

वय किमान २० वर्षं आणि हलक्या वाहनाचा परवाना काढून किमान एक वर्ष झालेलं असावं. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र लागतं. आठवी पास असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. परवाना ५ वर्षांसाठी मिळतो, पुढे नूतनीकरण करावं लागतं. स्कूल निवडताना एकच गोष्ट विचारा, सरावाची गाडी कधी भरलेली असते का? रिकाम्या गाडीवर मैदानात गोल फिरून परवाना मिळतो, पण वजन मागून ढकलतं तेव्हा काय करायचं ते कळत नाही. पहिल्यांदा लोड घेऊन घाटात जाल तेव्हा शेजारच्या सीटवर अनुभवी चालक बसलेला हवा, आणि वेळ दिवसाची हवी.